शुकाच्या तोंडून : ‘कादंबरी’चे पुनर्वाचन

एखाद्या ग्रंथाच्या नायिकेचे नाव पुढे साऱ्या वाङ्मयप्रकाराचेच नाव होऊन बसावे, हा योग विरळा. मराठीत तो घडला, आणि इतका सहज घडला की त्याची आपल्याला आठवणही राहिलेली नाही. आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहतीत एका जिन्यावर चार प्रांतांची बिऱ्हाडे असतात, तेथे ही गोष्ट लवकर ध्यानात येते. समोरचे हिंदी भाषिक गृहस्थ आणि वरच्या मजल्यावरचे बंगाली बाबू ‘उपन्यास’ म्हणतात, गुजराती ‘नवलकथा’ म्हणतात, पंजाबी ‘नावल’ म्हणून मोकळे होतात. तळमजल्यावरचे कन्नड कुटुंब मात्र आपल्यासारखेच ‘कादंबरी’ म्हणते. ‘उपन्यास’ या शब्दात मांडणी आहे, ‘नवलकथे’त नवेपणा आहे, आपल्या शब्दात हेमकूटावरील एक गंधर्वकन्या आहे, आणि कोशात पाहिले तर मद्यही आहे. याच वसाहतीच्या पश्चिम खंडात केंद्रीय हिंदी निदेशालय आणि शब्दावली आयोग यांनी अनेक दशके बसून शब्द घडविले. ‘कादंबरी’ हा शब्द मात्र कोणत्याही समितीने घडविलेला नाही.

ज्या ग्रंथावरून हे नाव आले तो बाणभट्टाचा ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचणारे किती निघतील? बी. ए. ला संस्कृत घेतलेल्यांनी ‘शुकनासोपदेश’ वाचलेला असतो, समास सोडवलेले असतात, टीपा पाठ केलेल्या असतात. बाकीच्यांनी कथासार ऐकलेले असते. गेल्या हिवाळ्यात आम्ही येथील चारपाच स्नेही आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून हा ग्रंथ पुन्हा वाचावयास बसलो. हाताशी पांडुरंग वामन काणे यांची टीपांसह प्रत होती व मोरेश्वर रामचंद्र काळे यांचीही होती. (काणे १९५३ ते १९५९ या काळात राज्यसभेत होते, आणि १९६३ साली ते भारतरत्न झाले. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणाऱ्या या विद्वानाने या अद्भुतकथेवर इतके श्रम घेतले, याकडे आमच्यापैकी एकाने मुद्दाम लक्ष वेधले.) तळमजल्यावरचे कन्नड गृहस्थही येऊन बसू लागले. त्यांच्या भाषेत नागवर्म्याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ‘कर्नाटक कादंबरी’ रचली, त्यामुळे या कथेवर आपला हक्क आमच्याहून जुना आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते नाकारण्यास आम्हांस काही आधार सापडला नाही.

प्रथम शुकनासाच्या उपदेशाविषयी लिहितो, कारण आपल्या वाचकांचा परिचय बहुधा तेवढाच असतो. यौवराज्याभिषेकापूर्वी मंत्री शुकनास राजपुत्र चंद्रापीडास सांगतो की तारुण्य, लक्ष्मी आणि सत्ता यांच्यापासून सावध राहा. जुगाराला करमणूक आणि शिकारीला व्यायाम म्हणून दाखविणारे खुषमस्करे, आणि त्यांच्या स्तुतीने स्वतःस देव समजू लागलेले राजे, यांचे वर्णन कॉलेजात आम्ही व्याकरणाकरिता वाचले. पंचवीसतीस वर्षे फायली चालविल्यावर, वरिष्ठ आणि कनिष्ठ दोन्ही पाहिल्यावर, ते अगदी निराळे वाटते. आमच्या बैठकीत त्या संध्याकाळी हशा पुष्कळ झाला. पण हा भाग संबंध ग्रंथात ठेवून वाचला म्हणजे जे दिसते ते परीक्षेच्या पुस्तकात दिसत नव्हते. शुकनासाचा उपदेश निर्दोष आहे आणि पूर्णपणे निरुपयोगी आहे. चंद्रापीड सत्तेने बिघडत नाही, लक्ष्मीने मातत नाही. त्याचा घात होतो तो प्रेमाने आणि मित्राच्या मृत्यूने. आणि त्या दोहोंविषयी या शहाण्या मंत्र्याजवळ एकही शब्द नाही. जो मित्र मरतो तो तर त्याचा स्वतःचा मुलगा वैशंपायन. कारभाराचे शहाणपण कोठे संपते, याची रेघ बाणाने अशी न बोलता ओढली आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या प्रश्नाकडे वळतो. मराठी कादंबरीने नाव घेतले ते अद्भुतकथेचे, आणि वयात येताच तिला त्या अद्भुताची लाज वाटू लागली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’नंतर (१८५७) हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आली, रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आली. वाचकांनी त्या आवडीने वाचल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ आली आणि त्या मागे पडल्या. हरिभाऊंच्या यमूने मराठी वाचकाला जे दाखविले ते पाहिल्यावर मंजुघोषेकडे परत जाणे अशक्य होते, हे आम्हांस मान्य आहे. राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ याच मथळ्याचा निबंध लिहून आपल्या कादंबरीला युरोपातील कादंबऱ्यांशेजारी उभे केले, तेव्हाही माप बदलले होते. तेव्हापासून आमच्या टीकेत एक समीकरण रुजले : अद्भुत म्हणजे बाळपण, वास्तव म्हणजे प्रौढपण. बाणाचा ग्रंथ पुन्हा वाचल्यावर हे समीकरण टिकत नाही, असे आमचे मत झाले आहे. मात्र त्या ग्रंथातले सारेच अद्भुत एका मोलाचे आहे, असेही आम्ही म्हणणार नाही.

विंध्याटवीतील शाल्मलीचा प्रसंग घ्या. कथा सांगणारा एक पोपट आहे. याहून अवास्तव ते काय? परंतु तो सांगतो काय, ते पाहावे. आई त्याच्या जन्मीच मेली. म्हाताऱ्या बापाने, स्वतःला उडता येईनासे झाले असता, इतरांच्या घरट्यांतून खाली सांडलेले दाणे वेचून त्याला वाढविले. एका सकाळी शबरांची टोळी शिकारीला आली, अरण्य ढवळून निघून गेली. टोळी गेली म्हणून वाचक निःश्वास टाकतो. तोच एक म्हातारा शबर मागे राहिलेला दिसतो. त्याला त्या दिवशी मांस मिळालेले नाही. तो जिना चढावा तसा झाडावर चढतो आणि घरट्याघरट्यांतून पिले फळांसारखी काढून, माना मुरगळून खाली टाकतो. बापाला काय करावे सुचत नाही. तो पिलाला पंखाखाली घेतो, इतकेच. बाप मारला जातो, आणि त्याच्या पंखांत दडलेले पिलू त्याच्या प्रेताबरोबरच खाली वाळलेल्या पाचोळ्यावर पडते.

येथवर कोणताही चांगला लेखक आला असता. बाण पुढे जातो. पिलू तमालाच्या मुळाशी सरपटते, आणि त्याला तहान लागते. बाप नुकताच मेला आहे आणि आपल्याला पाणी हवे आहे, याची त्याला लाज वाटते. ज्याने आईविना वाढविले त्याला विसरून आपला जीव जगू पाहतो आहे, हे ते स्वतःशी कबूल करते, आणि कबूल करीत करीत पाण्याकडे खुरडत जाते. जगण्याच्या या निर्लज्ज ओढीचे इतके उघडे, इतके थंड निरीक्षण आमच्या वास्तववादी म्हणविणाऱ्या कादंबऱ्यांत आम्हांस फार थोड्या ठिकाणी आढळले आहे. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी ते एका पोपटाच्या तोंडी घातले गेले. माणसाच्या तोंडी घातले असते तर ते कदाचित ऐकवले नसते.

‘हर्षचरिता’त बाण स्वतःविषयी सांगतो की आई लहानपणीच गेली, बापानेच आईच्या मायेने वाढविले, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास बापही गेला; मग सोबत्यांचा मेळा जमवून तो देशोदेशी भटकला. ही हकीकत आणि शाल्मलीवरचे घरटे शेजारी ठेवावे, एवढेच आम्ही सुचवितो. दरबारी कवी म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याने आपले सर्वांत जुने दुःख हर्षाच्या चरित्रात चार ओळींत उरकले आणि अद्भुतकथेत पानेच्या पाने सांगितले. अद्भुताचा हा उपयोग बाळबोध नव्हे. (त्याच हर्षचरितात वर्णिलेले स्थाण्वीश्वर म्हणजे आजचे ठाणेसर, दिल्लीहून सुमारे १६० किलोमीटरांवर. कुरुक्षेत्र पाहावयास जाणारी आमची मंडळी ते ओलांडून जातात; बाणाची आठवण कोणी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

दुसरे स्थळ अच्छोद सरोवराचे. चंद्रापीड किन्नरांच्या जोडीचा पाठलाग करीत भलतीकडे येऊन पडतो, वीणेचा स्वर ऐकतो, आणि शिवालयात एक पांढरीशुभ्र तपस्विनी पाहतो. महाश्वेता. ग्रंथाला नाव कादंबरीचे असले तरी हृदय महाश्वेतेचे आहे, असे पुनर्वाचनानंतर आम्ही निःशंकपणे म्हणतो. कादंबरी लाजते, झुरते, निरोप पाठविते. तिच्यासारख्या नायिका संस्कृतात आणखीही आहेत. महाश्वेतेसारखी दुसरी नाही. तिच्या निवेदनात एक फुलांची मंजरी आहे, चुकून हाती आलेली जपमाळ आहे, ती मागावयास आलेल्या पुंडरीकाच्या हातावर तिने गोंधळून ठेवलेला स्वतःचा मोत्यांचा एकपदरी हार आहे. आणि चंद्रोदय झाल्यावर ती धावत गेली तेव्हा तो मेलेला होता. उशीर किती झाला? थोडासाच. सारी कथा या थोड्याशा उशिरावर उभी आहे.

चंद्रबिंबातून एक दिव्य पुरुष उतरतो, प्रेत उचलून नेतो आणि पुन्हा भेट होईल असे सांगतो. येथे टीकाकार म्हणेल : झाले, चमत्काराने दुःखावर पाणी ओतले. पण तसे होत नाही. आश्वासनाने महाश्वेतेचा एक दिवसही कमी होत नाही. तिला जगावे लागते, आणि जगणे पूर्वीहून कठीण होते, कारण आता मरण्याचीही मोकळीक उरलेली नाही. पुढे हेच कादंबरीवर येते. चंद्रापीड मरतो, आकाशवाणी सांगते की देह जपा. मग ती गंधर्वकन्या न कुजणाऱ्या त्या देहाची दिवसामागून दिवस काळजी घेत बसते. उज्जयिनीहून तारापीड राजा, विलासवती राणी, शुकनास आणि मनोरमा येतात आणि तेथेच वनवासी होऊन राहतात. शुकनासाला आता उपदेश सुचत नाही. देह आहे, प्राण नाही, आशा आहे, मुदत नाही; अशा अवस्थेत माणसे काय करतात हे बाणाला (आणि त्याच्या मुलाला) दाखवावयाचे होते, आणि चमत्कारावाचून ती अवस्था कागदावर उभीच करता आली नसती. ज्या घरांतला कोणी माणूस बेपत्ता झाला आणि परत आला नाही, त्या घरांना हे प्रकरण समजावून सांगावे लागणार नाही.

याच भागात वैशंपायनाचा लहानसा प्रसंग आहे, त्यावर आमची बैठक नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. सैन्य परत निघाले असता तो अच्छोदाच्या काठी थबकतो आणि हलेनासा होतो. काहीतरी येथे हरवले आहे असे त्याला वाटते. काय, ते आठवत नाही. गतजन्मी तोच पुंडरीक होता हे त्याला ठाऊक नाही, वाचकालाही अजून नाही. दर तीनचार वर्षांनी बदलीच्या हुकुमावर सामान बांधणाऱ्यांस, आणि रजेत आपल्या गावी जाऊन तेथल्या घाटावर उगाच रेंगाळणाऱ्यांस, ही पाने ओळखीची वाटावीत.

बाणाचे दोष लपविण्यात अर्थ नाही. वेबर या जर्मन पंडिताने त्याच्या गद्याला अरण्याची उपमा दिली : वाट कापीत जावे, आणि मध्येच अपरिचित शब्दांची श्वापदे अंगावर यावीत. आपल्याकडच्या पंडितांना ही टीका झोंबली. आम्हांस ती अर्धी खरी वाटते. उज्जयिनीचे वर्णन, शूद्रकाच्या दरबाराचे वर्णन, दिग्विजयाच्या धुळीचे वर्णन, यांत श्लेषावर श्लेष रचताना कवी स्वतःवरच खूष आहे, आणि वाचकाने पाने उलटली तर पाप लागणार नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘संस्कृत कविपंचका’त बाणाला मानाचे स्थान दिले तेव्हा मराठी गद्याला भारदस्तपणा हवा होता. त्या भारदस्तपणाचे अजीर्ण आम्ही नंतर पुष्कळ काळ सोसले.

परंतु खरा दोष भाषेचा नव्हे. पूर्वभाग पत्रलेखेच्या निवेदनात, कादंबरीची अवस्था ती सांगत असतानाच, तुटतो. बाण तेथे वारला. पुढचे त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, पुरे केले. कथा अपुरी राहिल्याचे लोकांना दुःख होते म्हणून लिहितो, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, अशा अर्थाचे त्याने आरंभी सांगितले आहे, आणि हे सांगणे आम्हांस प्रामाणिक वाटते. त्याच्या हातात बापाची भाषा नाही. कथा मात्र तो नीट चालवितो. सारे धागे जुळवून देतो. अडचण आहे ती या जुळवण्यातच.

पहिल्या पानांवर शूद्रकाच्या दरबारी पिंजरा घेऊन जी येते ती चांडाळकन्या आठवावी. दूर उभी राहून ती बांबूच्या काठीने जमिनीवर आवाज करते, म्हणजे आपण आलो हे कळावे. राजा तिचे रूप पाहून थक्क होतो. विधात्याने विटाळाच्या भयाने हिला स्पर्श न करताच घडविले असावे, नाहीतर हे लावण्य असे निष्कलंक कसे राहते, असे त्याच्या मनात येते. वरवर पाहता ही एक चमत्कृती. पण या चमत्कृतीत एक प्रश्न चमकून गेला आहे, आणि तो बाणाने तेथे ठेवला आहे : हे रूप आणि हा विटाळ, यांपैकी खोटे काय? ग्रंथाच्या अखेरीस उत्तर मिळते की ती चांडाळकन्या नव्हतीच; ती पुंडरीकाची आई, साक्षात लक्ष्मी. लोकांचा संपर्क टळावा म्हणून तिने ती जात धारण केली होती. म्हणजे प्रश्न सुटला नाही, प्रश्न विचारणारीच नाहीशी केली गेली. ज्या अस्पृश्यतेने राजाला क्षणभर अस्वस्थ केले, ती देवीच्या सोयीचे साधन ठरली.

पत्रलेखेचेही असेच. जिंकलेल्या कुलूतराजाची ही मुलगी. विलासवतीने तिला मुलीसारखी वाढवून चंद्रापीडाकडे तांबूलकरंकवाहिनी म्हणून पाठविली. रात्रंदिवस त्याच्याजवळ ती असते, आणि तिचे मन कोणीच विचारीत नाही. रवींद्रनाथांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात ऊर्मिलेच्या पंक्तीला तिला बसविले, ते योग्यच केले. भूषणभट्टालाही ही उणीव जाणवली असावी, कारण शेवटी त्याने कादंबरीकडून तिची चौकशी करविली आहे. उत्तर असे की ती चंद्राची पत्नी रोहिणी. चंद्र पृथ्वीवर उतरला म्हणून मागोमाग आली. पदवी मोठी मिळाली, दाद मिळाली नाही. सेवापुस्तकात मरणोत्तर बढतीची नोंद व्हावी तसे हे आहे. आमच्यातील एका स्नेह्यांचे म्हणणे असे की हा आराखडा बापाचाच असला पाहिजे, मुलाला दोष का द्यावा? आराखडा बापाचा असेल. शूद्रकाचे प्रास्ताविक तसे सुचवितेही. शिवाय मूळ कथानक गुणाढ्याच्या बृहत्कथेतले, सुमनस राजाच्या गोष्टीतले, म्हणजे आमच्या पैठणच्या सातवाहनांशी परंपरेने जोडलेल्या भांडारातले; तेव्हा देवदेवतांची ही उकल जुनीच असावी. तरीही चंद्रापीड, पुंडरीक यांच्या जन्मांतरांनी त्यांचे दुःख खोल होते, आणि या दोघींच्या जन्मांतरांनी त्यांचे दुःख पुसले जाते, हा फरक उरतोच. एके ठिकाणी अद्भुत माणसाच्या आत शिरले आहे. दुसरीकडे ते हिशेब मिटविण्याकरिता वापरले आहे. ‘मुक्तामाला’-‘मंजुघोषा’च्या काळात आपण बाणाकडून उचलले ते बहुतांशी हे दुसरे. शाल्मलीच्या मुळाशी तहानेने खुरडणारे पिलू कोणी उचलले नाही. हरिभाऊंनी यमू लिहिली तेव्हा त्या पिलाशी त्यांचे नाते अधिक होते, मग त्यांनी गंधर्वनगरीकडे पाठ का फिरविली असेना.

आणखी एक गोष्ट केवळ दुसऱ्या वाचनातच हाती लागते. पोपट शूद्रकाला जी कथा सांगतो तीत जाबालीची कथा आहे, जाबालीच्या कथेत महाश्वेतेची, महाश्वेतेच्या कथेत कपिंजलाची. ही डब्यात डबा घातल्यासारखी रचना पहिल्या वाचनात त्रासदायक वाटते. शेवट माहीत झाल्यावर मात्र कळते की ऐकणारा शूद्रक हाच गतजन्मीचा चंद्रापीड. तो आपलीच गोष्ट ऐकतो आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. त्याआधी जाबालीच्या आश्रमात त्या पिलानेही आपलीच गोष्ट परक्याची म्हणून ऐकली होती. सिंहासनावर बसलेला राजा स्नानभोजन आटोपून, विडा खाऊन, करमणूक म्हणून पोपटाला बोलते करतो, त्या साध्या प्रसंगाचा रंग या जाणिवेने पार पालटतो. कन्नड गृहस्थांनी त्या संध्याकाळी ती पहिली पाने पुन्हा वाचावयास लावली, आणि राजाच्या प्रत्येक सहज प्रश्नापाशी ते थांबत गेले.

ज्यांना हा ग्रंथ हाती घ्यावासा वाटेल त्यांनी शूद्रकाच्या सभेपासून आरंभ करू नये. शाल्मलीपासून करावा, तेथून जाबालीच्या आश्रमात यावे. उज्जयिनी भराभर ओलांडून अच्छोदावर मुक्काम करावा. काळे यांच्या टीपा नवशिक्यास अधिक सोयीच्या, काणे यांच्या अधिक खोल. जेथे पत्रलेखा बोलत असताना बाणाचे वाक्य थांबते, तेथे पुस्तक एक दिवस मिटून ठेवावे; भूषणभट्टाकडे दुसऱ्या दिवशी जावे. आम्ही तसे केले. मधल्या आठवड्यात आमच्यातील एकाच्या बदलीचा हुकूम आला. उत्तरभाग त्यांनी गुवाहाटीस नेला आहे, आणि चांडाळकन्येविषयी आमचे मत त्यांना अजून पटलेले नाही, असे त्यांचे पत्र आहे.